कोपरानं उघडणारा नळ

विठ्ठलरावांच्या माले गावातल्या घरात नव्या स्वयंपाकघराचं काम झाल्यातच जमा होतं. फरशी बसली होती, ओट्याला काळा ग्रॅनाइट लागला होता, मुलानं हौसेनं भांड्यांसाठी ओढायचे कप्पेही करून घेतले होते. राहिला होता तो एक नळ. तो आणला की शंभू मिस्त्री ग्रॅनाइटला भोक पाडणार, नळ बसवणार आणि आपली हत्यारं गोळा करून जाणार. आता नळ तो काय आणि त्याचा विचार तो काय, असं कुणीही म्हणेल. पण त्या नळाचं नाव निघालं की विठ्ठलराव उठून गोठ्यात जायचे. नळ बसला की स्वयंपाकघर तयार, आणि तयार झालं की ते उषाबाईंच्या ताब्यात जाणार. म्हणजे आपल्या हातची भाकरी गेली.

हो, भाकरीच. विठ्ठलरावांच्या मते गोष्ट लाजिरवाणी होती, म्हणून जरा मागे जाऊन सांगायला हवी.

गेल्या साली भाताच्या झोडणीत उषाबाई खळ्यावर घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर चढलं. मुलगा रोहित आणि सून गौतमी नोकरीपायी मारुंजीला फ्लॅटमध्ये राहणारी, यायची ती रविवारी. स्वयंपाकाला कुणी बाई बघू का, असं रोहितनं विचारलं, तेव्हा उषाबाईंनी सांगून टाकलं की मागच्या आळीची चंद्राबाई येऊन करून जाते. चंद्राबाई आली होती, नाही असं नाही. एक दिवस आली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडेच पाहुणे आले, आणि भुकेनं कावलेले विठ्ठलराव धोतराचा काचा मारून स्वतःच परातीपुढे बसले. उषाबाई दारात बसून सांगत होत्या आणि हे ऐकत होते. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

पहिली भाकरी तव्याऐवजी गाईच्या दावणीत गेली. दुसरीही तिकडेच गेली. गाय खूश होती. पण माणूस मोठा जिद्दीचा. तांदळाची भाकरी मोठी हट्टी, ज्वारीसारखी ती ऐकत नाही. पाणी कमी पडलं की काठाला चिरते, जास्त झालं की परातीला चिकटून बसते. विठ्ठलराव तिच्या मागेच लागले. महिन्याभरात भाकरी गोल झाली, दोन महिन्यांत पातळ झाली, आणि एके दिवशी तव्यावर अशी टम्म फुगली की हा मिशीवाला गडी चुलीपुढे एकटाच हसत बसला. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. शेतात गेले तरी डोक्यात भाकरी. नातेवाइकांकडे जेवायला गेले तर आधी भाकरीचा काठ निरखून बघायचे आणि मग मनातल्या मनात खूश व्हायचे.

पण हे सांगायचं कुणाला? गावच्या भांडणतंट्यात ज्याचा शब्द शेवटचा, जत्रेच्या बैठकीत ज्याच्या शेजारी बसायला माणसं धडपडतात, तो बाप्या माणूस घरात भाकऱ्या बडवतो हे कळलं तर उद्या कोण किंमत देईल? म्हणून परातीपुढे बसायच्या आधी ते मागच्या दाराला कडी घालत. एकदा ती कडी राहिली आणि शेजारचा गेणबा सरळ आत आला. विठ्ठलरावांच्या हाताला पीठ, मिशीला पीठ. गोठ्याला चुना देतोय, असं त्यांनी ठोकून दिलं. गेणबानं गोठ्याकडे बघितलं, मग ह्यांच्या मिशीकडे बघितलं आणि विळा मागून घेऊन गेला.

सगळ्यात जीव जळायचा तो रविवारी. गौतमी मूळची लातूरकडची, भाकरी कशाशी खातात हे तिला पक्कं ठाऊक. ती टोपल्यातली भाकरी उचलून म्हणायची की चंद्रामावशींच्या हाताला काय चव आहे. एवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं. पण दिवाळीला तिनं चंद्राबाईला चांगली काठपदराची साडी घेतली आणि तीही विठ्ठलरावांच्या देखत दिली. चंद्राबाईनं साडी छातीशी धरली, विठ्ठलरावांकडे एकवार बघितलं आणि "माजं कसलं मेलं कवतिक" म्हणून चालती झाली.  रांधायचं ह्यांनी आणि साडी न्यायची तिनं.

उषाबाईंचं प्लास्टर तर त्याच्या कितीतरी आधी, दीड महिन्यातच निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. उषाबाई म्हणाल्या, दुखतोय अजून. आणि बायकोचा हात दुखतोय म्हटल्यावर ज्याचा जीव भांड्यात पडतो असा नवरा पंचक्रोशीत दुसरा नसेल. एकदा गोठ्यातून विठ्ठलरावांनी बघितलं, उषाबाई भरलेली बादली उजव्या हातानं उचलून चालल्या होत्या, अगदी आरामात. नजरानजर झाली. उषाबाईंनी बादली झटकन डाव्या हातात घेतली आणि "आई गं" म्हणाल्या. विठ्ठलराव गाईशी बोलायला लागले. त्या दिवशी दोघांनीही तो विषय काढला नाही, आणि त्यानंतरही कधी काढला नाही.

हे असंच चाललं असतं. पण रोहितच्या मनात आलं, आईचा हात अधू झालाय, जुन्या स्वयंपाकघरात खाली बसून करणं आता तिला झेपणार नाही, तर तिला उभं राहून करता येईल असं नवं करून देऊ. लेकरानं मायेनं केलं, त्याला नाही कसं म्हणायचं? काम सुरू झालं. मधे एकदा विठ्ठलराव शंभू मिस्त्रीला रागावलेही. ओटा फार उंच झालाय, बायको माझी ठेंगणी, तिची हनुवटी टेकेल ग्रॅनाइटला. शंभू म्हणाला की उषामावशींनीच उभं राहून माप दिलंय. विठ्ठलरावांना वाटलं, हिचा काहीतरी घोटाळा झाला. आता पायाखाली पाट घेऊन उभी राहील.

तर त्या रविवारी चौघं गाडीत बसून पौडच्या रस्त्याला दयानंदच्या दुकानात नळ बघायला गेले. दयानंद म्हणजे भावकीतला पुतण्या, धंद्याला चोख, पण त्याच्या पोटात गोष्ट टिकत नाही अशी त्याची ख्याती. म्हणून विठ्ठलरावांनी दुकानात पाय ठेवतानाच ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही. ते स्टुलावर बसले आणि समोरच्या संडासाच्या फरशा इतक्या मन लावून बघायला लागले की दयानंदला वाटलं आबांना संडासही नवा करायचाय.

नळ तरी किती प्रकारचे! एक हंसासारख्या मानेचा, एकाचं तोंड नळीसकट ओढून बाहेर काढायचं, एक काळा कुळकुळीत. गौतमीला तो काळा आवडला. रोहितला दुसराच आवडला, हात नुसता पुढे धरला की आपोआप पाणी येणारा. आईला चावी फिरवायलाच नको, मनगटाला त्रास नको, असं त्याचं म्हणणं. उषाबाईंनी दोन-चार चाव्या फिरवून बघितल्या आणि प्रत्येक वेळी तोंड वाकडं केलं. ह्या कशानंही जमायचं नाही बाई, हात भरून येतोय.

इकडे विठ्ठलरावांची नजर फरशांवरून घसरली ती कोपऱ्यातल्या एका खोक्यावर. त्यात एक नळ होता, साधा, उंच मानेचा, आणि त्याला वीतभर लांब सपाट दांडी. त्यांनी तो लगेच ओळखला. मनगट बसवलं त्या दवाखान्यात डॉक्टर असल्याच नळाखाली हात धूत होता आणि धुवून झाल्यावर कोपरानं दांडी ढकलून पाणी बंद करत होता. तेव्हा ह्यांच्या मनात काही आलं नव्हतं. पण पुढे पिठात हात गेले, तेव्हा असला नळ हवा असं रोज मनात यायला लागलं.

माणूस उठला. आपण गप्प बसायचं ठरवलंय हेच विसरला. नळ काउंटरवर उभा केला, बाही मागे सारली, कोपरानं दांडी इकडे ढकलली, तिकडे ढकलली, आणि बोलायला लागला. गोल चावी कामाची नाही, पिठाच्या हातानं धरली की पीठ तिथंच वाळतं आणि मग सुरीनं खरवडत बसावं लागतं. तो आपोआपचा नळ तर मुळीच नको, परात धरली की न मागता पाणी सोडणार, आणि एकदा पीठ सैल झालं की तांदळाची भाकरी गेलीच. पाणी आपल्याला हवं तेव्हा आणि हवं तेवढंच पाहिजे, एका थेंबानं काठ चिरतो, एका थेंबानं सांधतो. आणि मान अशी उंच पाहिजे, म्हणजे परात खाली नीट मावते.

 दयानंदच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. गौतमी सासऱ्यांकडे बघत म्हणाली, "आबा, हे तुम्हाला कसं माहीत?"

विठ्ठलरावांनी बाही खाली ओढली. तेवढ्यात उषाबाई पुढे झाल्या आणि पटकन म्हणाल्या, "मीच सांगितलं त्यास्नी. घरी बोलले हुते."

वाट मोकळी झाली होती. व्हय म्हटलं असतं तर सुटले असते. गावात नाव राहिलं असतं, दयानंद गप्प बसला असता, आणि हा दांडीचा नळ उषाबाईंसाठी बसला असता. विठ्ठलरावांनी त्या दांडीकडे बघितलं. ह्या नळाखाली दुसऱ्याच्या हातची परात, आणि आपण पडवीत बसून ताटाची वाट बघायची. नाही जमायचं, असं त्यांना आतून वाटलं, आणि ते कळकळून वाटलं.

"न्हाई," ते म्हणाले. "ती मला झाकाया बघतीया. वरीसभर भाकरी मी करतोय. हिचा हात बरा हाय, मला म्हाईत हाय, मी बगितलंय. पन हितून म्होरं बी भाकरी मलाच करू द्या."

एवढं बोलून ते दयानंदच्या हसण्याची वाट बघत मान खाली घालून उभे राहिले.

दयानंद हसला नाही. त्यानं चहाचा कप आबांच्या हातात दिला आणि म्हणाला, "आबा, आख्ख्या गावाला म्हाईत हाय. तुमी दाराला कडी घालता, पन थापायचा आवाज आळीभर जातोय. आनि काकी तर समद्यांच्या म्होरं पडवीत बसलेल्या दिसतात. मग थापतंय कोन?"

विठ्ठलरावांनी कप तसाच काउंटरवर ठेवला. वर्षभर कडी घातली, खिडकी लावली, गोठ्याला न दिलेला चुना दिला, आणि आवाजाचं काही डोक्यातच आलं नव्हतं! गेणबाला माहीत होतं, चंद्राबाईला माहीत होतं, जत्रेच्या बैठकीत शेजारी बसणाऱ्यांनाही माहीत होतं. आणि तरी माणसं शेजारी बसतच होती. दयानंदनं सांगितलं की त्याची स्वतःची बायकोच त्याला आबांचं उदाहरण देऊन बोलते आणि त्यापायी त्याला हल्ली कांदा चिरावा लागतो.

रोहित खो खो हसायला लागला. गौतमीला मात्र एकदम आठवलं आणि ती म्हणाली, "अहो पण, माझी साडी!"

उषाबाई शांतपणे म्हणाल्या की ती चंद्राबाईला शोभून दिसते, आणि गप्प राहिल्याबद्दल तिला काही तरी द्यायलाच हवं होतं. मग त्या विठ्ठलरावांकडे वळल्या. आता त्यांनाही खोटं पुरे झालं होतं.

"अवो, ओटा कुनाच्या मापाचा हाय, बगितला का न्हाई? माज्या मापाचा करून घेतला असता, तर मला करावं लागलं असतं. मी शंभूला तुमच्या कंबरंएवढं माप दिलंय, तुमच्या धोतराची गाठ जितं येती तितवर." आणि मग जरा थांबून, नळाच्या दांडीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापासनं समद्यास्नी वाढून मग मी जेवले. माज्या वाटनीला भाकरी आली ती गारच. हात मोडला तवा पयल्यांदा तव्यावरनं ताटात आली. मग हात बरा झाला म्हनून कशाला सांगू?"

रोहितचं हसणं थांबलं होतं. गौतमीनं डोळे पुसले आणि लगेच दयानंदला सांगितलं की हाच नळ द्या. तो दवाखान्यांसाठी मागवलेला माल आहे, स्वयंपाकघरात कुणी बसवत नाही, असं दयानंद सांगायला लागला, तर तिनं त्याला मध्येच तोडलं.  परतताना गाडीत विठ्ठलराव ते खोकं मांडीवर घेऊन बसले होते, मागे ठेवू देईनात.

पुढच्या रविवारी नळ बसला. शंभूनं हत्यारं गोळा केली आणि निघतो म्हणाला, तर विठ्ठलरावांनी त्याला बसवून ठेवलं. मागचं दार सताड उघडं टाकलं. ओटा बरोबर कंबरेला आला. पिठात हात घातला, कोपरानं दांडी ढकलली, पाणी आलं, कोपरानंच बंद केली. ते इतकं मजेशीर वाटलं की गरज नसताना आणखी एकदा उघडली. मग परातीवर हात पडायला लागला आणि आवाज आळीभर गेला.

कुंपणापलीकडून गेणबानं ओरडून विचारलं, आबा, गोठ्याला चुना देताय का?

"व्हय," विठ्ठलराव म्हणाले. "ये आत, जेवायला बस."

गेणबा खरंच आला. त्याच्या मागून चंद्राबाईही आली, दिवाळीची साडी नेसून. रोहितनं सगळ्यांची ताटं मांडली. उषाबाई आधीच मांडी घालून बसल्या होत्या. भाकरी तव्यावर फुगली तशी गेणबानं आपलं ताट पुढे केलं, पण विठ्ठलराव त्याला ओलांडून गेले. पहिली भाकरी उषाबाईंच्या ताटात पडली, आणि ती गार व्हायच्या आत त्यांनी संपवली.