केसाळ टोपीचा तह

दोन देशांचे संबंध तुटतात तेव्हा आधी राजदूत परत बोलावतात, मग झेंडा उतरवतात आणि सगळ्यात शेवटी दाराला कुलूप लावतात. परदेशातल्या तीन भारतीय वकिलातींत आयुष्यभर चहा नेऊन दिलेल्या बद्रीनाथला हा क्रम पाठ होता. निवृत्त होऊन तो वाटूरला आला आणि धाकट्या भावाशी, भागवतशी, बांधावरच्या बाभळीवरून बिनसलं, तेव्हा मात्र यातलं काहीच जमेना. दोघांची दारं समोरासमोर होती.

मग एकमेकांच्या वस्तू परत झाल्या. शिडी गेली, परात आली. एका बर्फाळ देशातून बद्रीनाथने भावासाठी आणलेली केसाळ टोपी तेवढी परत आली नाही. व्यापार दोघी जावांनी चालू ठेवला. कढीपत्ता पदराआडून जायचा, ताक यायचं.

आज भागवतच्या मोनालीचं लग्न होतं. मांडव समोरच. पत्रिका आली होती, पण किराणावाल्याच्या हाती.

"सख्ख्या चुलत्याला घरी येऊन अक्षत द्यावी लागती," बद्रीनाथ बाजेवरून म्हणाला. "रीत हाय."

"तुम्ही रजेवर आले की पोरगी तुमच्याच ताटात जेवायची," त्याची बायको द्वारकाबाई नव्या साडीच्या निऱ्या सारख्या करत म्हणाली. "आता तिच्यावर अक्षता टाकायला व्हिसा लागतो का?"

"त्यानं एक इशारा तरी करावा."

"मोठे तुम्ही. तुम्हीच करा की."

"मोठा देश आधी करत न्हाई."

"मंग पहाटं उठून दाढी कुणासाठी केली?"

बद्रीनाथने गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. सदराही इस्त्रीचा होता.

तेवढ्यात मांडवात कुजबुज झाली. मे महिन्याचं ऊन ऐन डोक्यावर होतं आणि वधूपिता फेटा काढून, केसाळ टोपी घालून, तिच्या कानपट्ट्या खाली सोडून मांडवाच्या तोंडाशी उभा होता. व्याही बघतच राहिले.

"अहो, काढा ते! घेरी यील!" त्याची बायको मालनबाई ओरडली.

"राहू दे," भागवत म्हणाला. त्याची नजर समोरच्या दारावर होती.

बद्रीनाथ उठला. डावी चप्पल उजव्या पायात घालूनच त्याने गल्ली ओलांडली.

"दादा, तुमच्याकडंच यायला निघालो होतो," भागवत म्हणाला. "पाव्हण्यांत अडकलो."

"बराबर हाय." बद्रीनाथने टोपीची एक कानपट्टी सरळ केली. "घट्ट होती का रे?"

"न्हाई. बिलकुल मापाची हाय."

मोनालीने चुलत्याला पाहिलं आणि बाशिंगासकट वाकली. "काका, किती उशीर!" एवढंच म्हणाली. पुढे मंगलाष्टकं होईपर्यंत बद्रीनाथ तिच्या मागे उभा होता. त्याच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटल्या होत्या.

शेवटच्या मंगलाष्टकाला भागवत घेरी येऊन पडला. संबंध पूर्ववत झाल्यानंतरची पहिली बोलणी दवाखान्यात, सलाईन चालू असताना झाली. बद्रीनाथ ओल्या टॉवेलने भावाचं कपाळ पुसत होता. टोपी उशाला होती.

बाभळीचा विषय कुणीच काढला नाही. ती गेल्याच वर्षी रस्ता रुंद करताना तोडली होती.