गार्ड कुणाच्या गाडीला

“मी आपला बोलतच ऱ्हायनू!” ओट्यावर बसल्या बसल्या जीवरामआबांनी मांडीवर थाप मारली. “कापूसना भाव, गावन्या भानगडी, काय काय! चोपडाना स्टँडवर गाडी थांबाडी. म्हनं, उतर वं बेबा. मांगे देखं, ते बाई गायब!”

झुलालभाऊ हसून हसून खोकायला लागले. गावातल्या प्रत्येक हळदीच्या मांडवात ही गोष्ट व्हायचीच, आणि झुलालभाऊंनी ती दर वेळी ऐकलेली. तरी त्यांनी नेमानं विचारलं, “मंग?”

“मंग काय, परत गऊ. नालाजोडे लिंबनाखाल बसेल व्हती. म्हनं, चाल, बस लवकर, उशीर व्हयना!”

बेबाबाईंनी चहाचे कप ओट्यावर ठेवले. त्या हसल्या नाहीत. सुरुवातीची काही वर्षं त्याही पदराआड हसत असत. सगळे हसत असताना आपण एकटीनं तोंड पाडून बसायचं कसं? आबांच्या मोटारसायकलवरून त्या पडल्या तेव्हा मुलगा योगराज अंगणवाडीत जायचा. त्या दिवसानंतर बेबाबाई कधीच दुचाकीवर बसल्या नाहीत. बाजार असो, माहेर असो, काळी-पिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन जायच्या. मग ‘बेबाबाई भित्री’ हे शेपूटही त्या गोष्टीला चिकटलं.

आज ती गोष्ट निघाली होती सुनेमुळे. मयुरी जनावरांना लस टोचायचं काम करी. बर्फाची पेटी मागे बांधून ती मोटारसायकलवर सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत जाई. चार दिवसांपूर्वी वाटेत केळीचा ट्रक भरून गेला होता. भरणाऱ्यांनी उरलेली पानं आणि दांड्यांचे तुकडे रस्त्यावरच टाकले होते. त्यांचा झाला होता लगदा. त्यावरून गाडी घसरली आणि तिच्या डाव्या पायावर पडली. हाड वाचलं, पण नडगी सोलून निघाली. पाहायला जमलेले म्हणाले, “बाईमानूसनं कसाले चालावो गाडी?” पानं रस्त्यावर कुणी टाकली, हे एकानंही विचारलं नाही.

“आजपासून गाडी बंद,” योगराज घरातून म्हणाला. “एसटीनं जमत असेल तर कर नोकरी. नाही तर राहू दे.”

पाड्यावर एसटी जात नाही हे त्यालाही ठाऊक होतं. खाटेवरच्या मयुरीनं पट्टीतला पाय भिंतीकडे वळवला. योगराजनं किल्ली कपाटावर ठेवली.

बेबाबाई फडकं घेऊन अंगणात गेल्या. सुनेची गाडी पडली तशीच चिखलानं भरलेली उभी होती. ही गाडी आधी योगराजचीच. त्यानं त्याच बनावटीची नवी घेतली तेव्हा जुनी मयुरीला दिली. बेबाबाई इंजिनापुढची नळी पुसायला लागल्या आणि त्यांचा हात थांबला. सगळी नळी उन्हानं विटलेली, पण मध्ये चार बोटं पट्टा काळाभोर, कोरा. बांगडी उतरवल्यावर मनगटावर खूण राहते तसा.

इथं काहीतरी होतं. त्यांनी मान वर केली. शेजारी योगराजची नवी गाडी. तिच्या पुढ्यात, दोन्ही बाजूंना पाय झाकणारं जाड नळीचं गार्ड. त्याच्या उजव्या बाजूला जुना ओरखडा. तो ओरखडा त्यांना पाठ होता. योगराज जुन्या गाडीवरून धरणगावच्या वळणावर पडला होता तेव्हाचा. गार्ड घासलं, पाय शाबूत राहिला. त्याच्या आदल्या खेपेला पडला तेव्हा गार्ड नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आबांनी स्वतः चोपड्याला जाऊन ते बसवून आणलं होतं.

“योगराज! भाईर ये.”

तो आला. आईच्या बोटाकडे पाहून त्याला कळलं.

“अगं, ते जुनंच होतं. नव्या गाडीला बसलं, म्हणून बसवलं.”

“नि हाई गाडी मयुरीले दिधी तवय?”

“मला हायवेनं जावं लागतं आई. ती काय, पाड्यांवर हळूहळू जाते. लेडीज कुठं जोरात चालवतात?”

“गाडी पायवर पडस ना, ती ईचारस का तू लेडीज शे का जेन्स शे म्हनीसन?” बेबाबाईंचा आवाज चढला. ओट्यावरचं हसणं थांबलं. “पोऱ्या पडना ते गाडीले गार्ड लागस, नि सून पडनी ते गाडीले कुलूप लागस! हाऊ कोठला न्याय शे?”

“बरं, बरं. काढून देतो माझं.”

“उतारेल नको. तिले नवं लागी.”

मयुरीची पट्टी सुटली त्या आठवड्यात बेबाबाईंनी स्टुलावर चढून कपाटावरची किल्ली काढली. आबा पाहत होते. “पडशी वं भित्री,” म्हणाले. बेबाबाईंनी वळूनही पाहिलं नाही. मयुरी गाडीनं निघाली आणि त्या काळी-पिवळीनं.

चोपड्यात हितेंद्रच्या दुकानात मोटारसायकलींचं सगळं कंपनीबाहेर बनलेलं, स्वस्त सामान मिळे. कंपनीचं गार्ड परवडणारं नव्हतं, म्हणून दोघी तिथं आल्या होत्या.

“भाऊ नाही आले?” हितेंद्रनं विचारलं.

“गाडी माझी आहे,” मयुरी म्हणाली.

“अस्सं! मग ताई, हे घ्या.” त्यानं आरशासारखं चकाकणारं, नाजूक वळणाचं गार्ड काढलं. “लेडीजकरता एकदम बेस्ट. हलकं, दिसायला भारी.”

मयुरीनं नळी बोटात धरून पाहिली. “पातळ आहे हो.”

“तुम्हाला काय रेस खेळायचीय?”

बेबाबाईंनी ते गार्ड त्याच्या हातातून घेतलं, दुकानाच्या पायरीवर आडवं टाकलं आणि चप्पल काढून त्यावर उभ्या राहिल्या. नळी कुरकुरली आणि केळीच्या दांडीसारखी वाकली.

“ओ अक्का! हाऊ काय पाटा शे का उभं ऱ्हावाले?”

“मना एकलीना वजनवर वाकनं. गाडी पडी तवय काय करी? उलटं पायमा घुसी.” त्या उतरल्या. “दुसरं दखाड. जे तू तुन्ही गाडीले लावशी, ते.”

मग हितेंद्र आतून धुळ्याच्या कारखान्यात बनलेलं एक काळं, बोजड गार्ड घेऊन आला. चकाकी नाही, रंगही खडबडीत. पण नळी जाड, आणि वर पट्टीनं, खाली इंजिनाच्या बोल्टवर, असं दोन्हीकडे पकडणारं. मयुरीनं ते उचलून जोखलं आणि मान हलवली. बेबाबाईंनी ब्लाउजातून पुरचुंडी काढली.

खालचा गंजलेला बोल्ट निघता निघेना. शेवटी तेल सोडून, हातोडी मारून तो काढला आणि लांब बोल्ट घातला. वरची पट्टी नळीवरच्या त्या कोऱ्या काळ्या खुणेवर नेमकी बसली. खूण झाकली गेली.

मयुरीनं गाडीवर बसून ब्रेक दाबला. “पायाखालचा ब्रेक गार्डला अडतोय.”

“थोडंसंच. सवय होईल.”

“उतारावर पेटी घेऊन येते मी. सवय व्हायच्या आत मी खड्ड्यात असेन. उघडा परत.”

हितेंद्रनं पुटपुटत बोल्ट सैल केला, मध्ये चकत्या घातल्या, पुन्हा आवळलं. आता ब्रेक तळापर्यंत गेला.

मयुरी म्हणाली, “आत्या, तुम्हाला काळी-पिवळीत बसवते आणि मग निघते.” सासूला ती आत्याच म्हणे.

बेबाबाई गार्डकडे पाहत होत्या. “नको,” म्हणाल्या, “मी तुनासंगे येस.”

काष्टा सावरून त्या दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. हितेंद्र पाना पुसता पुसता हसला. “घट धरा बरं अक्का! नहीते आबानी ती गोष्ट...”

म्हणजे गोष्ट इथवरही आली होती. मयुरीनं गाडी सुरू केली आणि त्याचं हसू मागेच राहिलं.

पहिल्या गतिरोधकाशी तिनं मान वळवली. “आत्या?”

“शे.”

दुसऱ्याशी पुन्हा. “आत्या?”

“शे वं, शे. पुढे देख.”

नाल्याजवळचं ते कडुलिंबाचं झाड आलं. तिथं रस्त्यावर कुणीतरी पुन्हा केळीची पानं टाकली होती. मयुरीनं गाडी थांबवली, उतरली आणि दुखऱ्या पायानंच पानं कडेला ढकलली. परत बसल्यावर, न हलता, तिनं विचारलं, “बसल्यात ना नीट?”

या वेळी बेबाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी पोहोचल्या तेव्हा ओट्यावर आबा आणि झुलालभाऊ होतेच. बेबाबाईंना गाडीवर पाहून आबा उठूनच उभे राहिले. “अरे वा! देख रे झुलाल, आज पडनी नही! त्या दिनले मी आपला बोलतच ऱ्हायनू—”

“त्या गोष्टमा मना गुडघा कोठे शे?” बेबाबाईंनी विचारलं.

“आं?”

“इतला वरीस सांगी ऱ्हायनात. कापूसना भाव शे, स्टँड शे, लिंब शे. मना गुडघा कोठे शे?”

झुलालभाऊंनी टोपी उचलली आणि काम आठवल्यासारखं निघून गेले. मयुरीनं गाडी योगराजच्या गाडीशेजारी लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकून आत गेली.

आबा ओट्यावरून उतरले, नव्या गार्डला हात लावून पाहिला, हलवून पाहिलं. ते हललं नाही. वळून न पाहताच त्यांनी हलक्या आवाजात विचारलं,

“कोनता गुडघा व्हता?”

रोजच्यासारखा बेबाबाईंनी पायरीवर आधी डावा पाय ठेवला, मग उजवा हातानं ओढून वर घेतला, आणि घरात गेल्या.