वेदीवरचा पहिला जॉब

हंगामाच्या सणाला चर्चचा भाजीबाजार होतो, असं पुंजा साळवे दर वर्षी कुरकुरायचे, आणि तो बाजार त्यांच्याइतक्या खुशीत दुसरं कुणी मांडत नसे. मळ्यातली माणसं टोमॅटो, मका, कांद्याच्या माळा घेऊन येत. कुणी पाय बांधलेला कोंबडा आणी, नोकरदार बाया केक आणीत. पुंजा चर्चचे पंच. प्रत्येकाच्या हातातलं अर्पण घ्यायचं, कुणाच्या घरचं काय ते मोठ्यानं सांगायचं आणि वेदीपुढच्या टेबलावर मांडायचं, हे काम बावीस वर्षं त्यांच्याकडे होतं. उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव. एकच भोपळा तीन-तीनदा विकला जाई, कारण घेणारा तो पुन्हा अर्पण करून टाकी.

साळव्यांना शेत नव्हतं. पुंजांनी सगळा जन्म लेथवर काढला होता. अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीत स्वतःचं जुनंपानं लेथ घेतलं, त्या वर्षी त्यांनी मशीनवरून उतरलेला पहिला पितळी बुश पुसून वेदीवर ठेवला. चर्चचे तेव्हाचे पाळक हसले. पुंजा म्हणाले, “साहेब, शेतकऱ्याचं कणीस तसा माझा जॉब.” मशीनवर घडवायच्या तुकड्याला कारखान्यात जॉबच म्हणतात. तेव्हापासून घरात रीतच पडली, नव्या कामातला पहिला जॉब देवाचा.

मुलगा जीवन बापापेक्षा सवाई निघाला. त्यानं संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनी आणल्या, अकरा माणसं ठेवली, त्यातली सहा याच चर्चच्या मंडळीतली. ट्रॅक्टरमागे माती फोडणाऱ्या रोटाव्हेटरचे सुटे भाग बनवून तो परदेशी पाठवायचा. मग तिकडे कुठे लढाई पेटली, जहाजं अडकली, गिऱ्हाइकानं हात वर केले. पाच महिने मशिनी ताडपत्रीखाली होत्या. मागच्या महिन्यात त्या पुन्हा फिरू लागल्या, तेव्हा पुंजांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. काम कसलं आलंय, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं. म्हातारा इथंच चुकला.

सणाच्या सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर जीवननं त्यांच्या हातात पिवळ्या कापडात गुंडाळलेला जॉब ठेवला. पुंजांनी कापड सोडलं. फूटभर उंचीचं पोलाद, बुडाशी बंद, आतून पोकळ, पोट फुगीर, तोंड निमुळतं. त्यांचा अंगठा सवयीनं कडेवरून फिरला. नख कुठं अडकेना. आधी त्यांना अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगा. मग अंगठा थांबला. असा आकार ना पंपाला लागतो, ना ट्रॅक्टरला.

“कशाचा रे हा?”

“बाबा, घरी बोलू.”

“कशाचा?”

जीवननं आजूबाजूला पाहिलं. “उखळी तोफेच्या गोळ्याचा. मशीन जुळवतानाचा सेटिंगचा पीस आहे, मोजणीत नाही. नुसतं कवच आहे, बाबा. भरणारे दुसरे, उडवणारे तिसरे.”

“आणि मरणारे चौथे,” पुंजा म्हणाले.

शत्रूवर प्रीती करा, हे त्यांनी रविवारच्या शाळेत दोन पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं. पाठांतराचं पहिलं बक्षीस जीवननंच पटकावलं होतं. देवळालीकडून तोफांच्या सरावाचे हादरे येत, तेव्हा पुंजा धडा थांबवून मुलांना डोळे मिटायला लावत. ज्यांच्यावर असे गोळे पडतात, त्यांच्यासाठी प्रार्थना. लोक चेष्टा करत, “पुंजाबाबा, आपल्याच तोफा आहेत त्या!” पुंजा म्हणत, “पडणारी घरं कुणाची तरी असतातच की.”

“हे मी वेदीवर ठेवणार नाही,” ते जीवनला म्हणाले.

“नका ठेवू. उद्या शटर पण ओढतो. फक्त त्या सहा जणांना तुम्ही सांगा, सगळे आत बसलेत.” जीवनचा आवाज चढला नाही, उलट बसला. “ज्या लढाईनं आधीचं काम नेलं, तिनंच हे दिलंय. मी काय करू, तेवढं सांगा ना.”

पुंजा जॉब घेऊन आत गेले. सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, हे काय आहे आणि कुणाच्या डोक्यावर पडणार आहे, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. टेबलापाशी पोचून ते वळले. दुसऱ्या रांगेत जीवनकडे मशीन चालवणारा झुंबर आणि त्याची बायको भाग्यश्री बसली होती. त्या पाच महिन्यांत त्यांनी पोरीला शाळेतून काढलं होतं, या महिन्यात पुन्हा घातलं होतं. पोरगी रविवार असूनही नवा युनिफॉर्म घालून आली होती.

“साळवे कुटुंबाकडून,” पुंजा म्हणाले. “नव्या कामाचा पहिला जॉब.”

मंडळी आमेन म्हणाली. झुंबरनं मान खाली घातली. पुंजांनी जॉब भोपळ्याशेजारी ठेवला.

लिलावात त्यांनीच पहिली बोली लावली. विकत घ्यायचा आणि गोदावरीत नेऊन टाकायचा, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. पण लोकांना वाटलं, बाबांना लेकाचं कौतुक! मग काय, जो तो हसत हसत बोली चढवू लागला, तेवढीच चर्चला मदत. पुंजा पुन्हा पुन्हा हात वर करत राहिले. शेवटी रक्कम ऐपतीबाहेर गेली, त्यांचा हात वर जाईना, आणि महिला संघाच्या बायांनी मिळून जॉब घेतला. तिथल्या तिथं त्यांनी तो चर्चला देऊनही टाकला. वेदीवर फुलदाणी हवीच होती, आणि ही किती सुबक!

पुंजांनी दुपारी पाळकसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. पाळक तरुण होते, मनानं चांगले होते. ते म्हणाले, “एका अर्थी बरंच झालं, बाबा. बायबलात म्हटल्यासारखा तरवारीचा फाळ व्हावा तशी गोळ्याची फुलदाणी झाली.”

“साहेब, फाळ करायला तरवार मोडावी लागते. इथं काय मोडलंय? फाळ करणारीच मशीन आता गोळे करतेय. उद्या पहिल्या पाळीत असे साठ निघतील.”

“मग पुढच्या रविवारी मी यावरच उपदेश करतो. लढाई पाप आहे, असं स्पष्ट सांगतो. नंतर झुंबर दारात भेटला तर त्याला काय सांगू, तेवढं तुम्ही सुचवा.”

तो उपदेश काही झाला नाही.

आता दर शनिवारी संध्याकाळी पुंजाच फुलदाणी भरतात, वेदीचं काम पंचाचं. आत बरोब्बर तांब्याभर पाणी मावतं. थेंब गळत नाही, जीवनचं काम चोख आहे. बाया शेवंती आणून ठेवतात, ती ते एकेक करून लावतात.

काल देवळालीकडून हादरा आला आणि फुलदाणीतलं पाणी हललं. पुंजांनी जुन्या सवयीनं डोळे मिटले. ज्यांच्यावर पडतात त्यांच्यासाठी, इथवर शब्द आले आणि पुढं सरकेनात. सकाळीच सून मोहिनीनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला होता. वर्षभराची ऑर्डर मिळाली होती, आणखी चार माणसं घ्यायची होती.

तो पेढा त्यांनी खाल्ला होता.