पान्याला चिकटून चार वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. चाकात फिरणारी नव्हे. सायकलच्या सीटखालच्या पिशवीत घडी होऊन पडलेली, जादाची. वाटेत चाकातली ट्यूब गेली तर मला बाहेर काढायचं, एवढ्यासाठीच मला ठेवलं होतं. माझं बहुतेक आयुष्य वाट बघण्यात गेलं, आणि वाट बघण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतं. तरी सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून मी गोल होऊन बाहेर आले. मला पाण्याच्या टाकीत बुडवलं, बुडबुडे आले नाहीत म्हणून पुढे सरकवलं. एका बाईने माझ्या अंगाला पांढरी पावडर लावली आणि मला खोक्यात भरलं. तिथून मी एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात आले. दुकान लहान होतं. दारात पाण्याचं घमेलं, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले टायर, लाकडी पेटीत नट-बोल्ट, आणि या सगळ्यांच्या मधोमध स्टुलावर बसलेले मिस्त्री.

मिस्त्रींचे हात काळे आणि जीभ तिखट होती. हँडल धरून कुणी नुसतं उभं राहिलं तरी ते चेनकडे बघून म्हणायचे, "तेल कधी घातलं होतंस? मागच्या जन्मी?" सुट्टीच्या दिवशी ते स्वतःच्या सायकलवर लांब लांब जात. एके दिवशी त्यांनी खोक्यातून मला उचललं, हवा भरून पाहिली आणि म्हणाले, "ही माझ्यासाठी."

मला अभिमान वाटला. तेव्हा मला पुष्कळ काही वाटत असे.

त्यांनी मला नीट घडी घातली, मऊ सुती कापडात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. सोबत एक पाना, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, पॅचची डबी आणि पॅच चिकटवायच्या सोल्यूशनची नळी. दुकानात कुणी लांबच्या प्रवासाची तयारी विचारायला आलं की मिस्त्री मला बाहेर काढून दाखवत.

"ट्यूब तर माझ्याकडेही आहे मिस्त्री," एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं.

"आहे ना, पण तिच्यात जीव आहे का ते बघितलंस? सहा महिन्यांनी बाहेर काढायची. हवा भरून एक दिवस टांगून ठेवायची. उतरली नाही तर पावडर लावून पुन्हा घडी. पण जुन्या घडीवर घडी नाही, जागा बदलायची. आणि कापडात गुंडाळायची, नाहीतर पाना खातो तिला. सोल्यूशनची नळी एकदा फोडली की वर्षात वाळून खडा होते, ती नवी घ्यायची. कळलं? का लिहून देऊ?"

गिऱ्हाईक हसलं. मी त्यांच्या हातात होते आणि मला वाटलं, आपण सुरक्षित आहोत.

एका सकाळी दुकानाकडे येताना रस्त्यात एक छोटी मुलगी सायकलवरून पडली. गुडघा फुटला होता. मिस्त्रींनी माझं कापड काढलं, तिच्या गुडघ्याला बांधलं आणि तिला घरापर्यंत सोडून आले. यात वाईट काहीच नव्हतं. मला पिशवीत परत ठेवताना ते पुटपुटले, "उद्या दुसरं गुंडाळू." तो उद्या आला नाही.

दोन वर्षं मी पान्याला चिकटून राहिले, सहा महिन्यांनी बाहेर काढणंही राहून गेलं. घर ते दुकान, दुकान ते घर, प्रत्येक खड्ड्याला पान्याची कड माझ्या घडीवर घासायची. आधी दुखायचं. मग ती जागा चुरचुरायला लागली. मग चुरचुरही थांबली. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली. मित्रांनो, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं मी समजले. तिथलं रबर झिजत होतं आणि मला काही कळत नव्हतं.

मिस्त्रींचंही तसंच झालं. एकदा जेवताना ते म्हणाले, "उजव्या बोटांना मुंग्या येतायत."

"डॉक्टरांना दाखवा," त्यांची बायको म्हणाली. ती शिवणकाम करायची आणि मशीन चालवतानाही तिचे डोळे घरातल्या सगळ्यांवर असायचे. कोण किती जेवलं, कोण खोकलं, कुणाचा चेहरा उतरला, सगळं तिला कळायचं.

"पाने फिरवून येतात मुंग्या. जातील."

पंधरा दिवसांनी मुंग्या गेल्या आणि मागे काहीच उरलं नाही. पक्षाघाताने मिस्त्रींची उजवी बाजू गेली. पाय काही महिन्यांनी काठीच्या आधाराने चालू लागला, बोलणं थोडं जड झालं, पण हात मांडीवर पडून राहिला. दुकान बंद झालं. सायकल घरी आली आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारी मिस्त्रींची खुर्ची. अशी आम्ही दोन वर्षं काढली.

डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता. रोज दाबायचा. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा हात हलवला नाही तर तो असाच आखडेल, मग काही करता येणार नाही. मिस्त्रींनी चेंडू कपाटाखाली ढकलून दिला. "मेलेल्या हाताला खेळणी कशाला?" म्हणाले. त्यांना राग आला होता असंही नाही. भिजल्या कापडासारखा सपाट आवाज होता.

त्यांची मुलगी नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती. ती इतकी सडपातळ की मिस्त्री तिला लहानपणापासून स्पोक म्हणत. सायकलच्या चाकातली तार म्हणजे स्पोक. एके दिवशी तिने सायकलवरची धूळ पुसली आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, मी तलावापर्यंत जाऊन येते. तीस किलोमीटर जायला, तीस यायला. एकटी. कुणालाही बोलावलं नाही, सायकल चालवतच घरी आले, तर तुम्ही रोज हाताचा व्यायाम करायचा."

"आणि टेम्पोत घालून आणलीस तर?"

"तर मी परत कधी तोंडातून चेंडूचं नाव काढणार नाही."

"एकटी?" आतून मशीन थांबलं. "काही नको. मी मावशीला विचारते, कुणी सोबत..."

"जाऊ दे तिला," मिस्त्री म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते खुर्चीत थोडे पुढे झाले. "ब्रेक दाबून बघ. रबर रिमलाच लागतंय ना, टायरला नको. चेनला तेल घाल, मग फडक्याने पुस, थबथबलेली चेन धूळ खाते. टायर अंगठ्याने दाब, दोन्ही. सीटची उंची बघ, पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा."

"आणि ही पिशवी?"

"तिला हात लावू नकोस. मी भरलेली आहे."

स्पोकने हात मागे घेतला. मी आत होते. मला ओरडायला हवं होतं, पण माझ्याकडे हवा नव्हती.

सकाळी आईने डबा, पाणी, पट्ट्या, मलम, टोपी आणि आणखी एक टोपी दिली. स्पोक निघाली. मला रस्ता दिसत नव्हता, फक्त हादरे मोजता येत होते. तलावापाशी ती पोहोचली, थांबली, डबा खाल्ला. परतीच्या वाटेवर मागच्या चाकातून फुस्स आवाज आला.

इथे तिची एक चूक झाली. समोर झाड दिसत होतं, सावलीत जाऊन बघू म्हणून ती तशीच चालवत राहिली. हवा नसलेल्या चाकावर टायर सरकतो आणि ट्यूबला ओढतो. झाडापर्यंत जाईतो चाकातल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बुडाशी फाटला. तिथे पॅच बसत नाही. मित्रांनो, हवा गेली की ऊन असो की पाऊस, लगेच उतरावं.

तिने पिशवी उघडली. तिने टायरच्या आत बोट फिरवून काटा शोधला आणि काढला, बापाने शिकवलं होतं तसं. मग मला बसवलं आणि सायकलच्या दांडीला अडकवलेला पंप काढून मारला. मी फुगले नाही. घडीवर, पान्याच्या जागी, माझ्या अंगाला भोक होतं. सोल्यूशनची नळी दाबली तर ती खड्यासारखी कडक.

एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काय ताई, बसली का सायकल? टाक मागे, सोडतो."

"नको."

"अगं, पैसे मागत नाहीये."

"तसं नाही दादा. चालवतच जायचंय."

"कशावर चालवणार? हवेवर? तीही नाहीये तिच्यात." तो निघून गेला. स्पोक रस्त्याच्या कडेला बसली. ती रडली नाही. नुसती बसली. मी तिच्या मांडीवर होते. मग तिने फोन लावला.

"पडलीस का? कुठे लागलं? खरं सांग!" आईचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"नाही आई. बाबांना दे. बोलवत नाहीये मी, विचारतेय फक्त."

मग मिस्त्रींचा जड आवाज. "भोक कुठे?"

"घडीवर. पाना चिकटून होता."

"कापड?"

"कापड नाहीये, बाबा."

मग ते म्हणाले, "माझी चूक." आणि पुढे, "गाठ मार. भोक बरोबर गाठीत आलं पाहिजे. घट्ट. दातांनी ओढ. मग ताणून बसव. हवा कमीच भर. गचके बसतील. खड्ड्यावर सीटवरून उठ. दर दोन किलोमीटरला उतरून बघ."

तिने माझ्या अंगाची गाठ मारली आणि दातांनी ओढली. मला काही वाटलं नाही. मग हवा आत आली. कित्येक वर्षांनी मी फुगले, अर्धीमुर्धी. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला गाठ खाली यायची आणि सायकल धप्पकन उसळायची. धप्प, धप्प, संपूर्ण वाट. तिने सहा वेळा उतरून पंप मारला. संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो. चालवत.

मिस्त्री काठी टेकून फाटकात उभे होते.

"फोन केलास की," ते म्हणाले.

"बोलावलं नाही."

"भांडण आत येऊन करा," आई म्हणाली आणि स्पोकचे कोपर, गुडघे, तळवे एकेक करून तपासू लागली.

दुसऱ्या दिवशी स्पोकने कपाटाखालून चेंडू काढला. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती ट्यूब काढून दे," म्हणाले.

"टाकून देते ना. काय उपयोग तिचा आता?"

"दे म्हटलं ना."

तिने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. वाटभर चेपून गाठ दगडासारखी झाली होती. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून माझ्यावर ठेवला, वजन ठेवावं तसा, आणि डाव्या अंगठ्याने गाठ उकलू लागले. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईने कात्री आणून दिली, ती त्यांनी परत पाठवली. आठव्या-नवव्या दिवशी उजवी तर्जनी थोडी वाकली, आणि मी घसरले नाही. मिस्त्रींनी ते पाहिलं. स्पोकने दारातून पाहिलं. मी पुन्हा कधी चाकात जाणार नाही हे मिस्त्रींना माहीत आहे. अशी ट्यूब टाकून द्यायची, असं त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलंय.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढंच सांगायचंय. अडचणीसाठी म्हणून जे बाजूला ठेवलंय, ते अधूनमधून बाहेर काढा. उलगडून बघा, हवा भरून बघा, घडीची जागा बदला, कापडात गुंडाळा. कुणी मोठ्या माणसाने भरलेली पिशवी असली तरी उघडून बघा, त्यात त्याचा अपमान नसतो. आणि अंगात कुठे दुखत असेल, मुंग्या येत असतील, तर घरात सांगा. दुखायचं आपोआप थांबलं तर जास्त लवकर सांगा.

गाठ अजून सुटलेली नाही. काल तिचा एक पदर सैल झाला. मिस्त्री तिथेच थांबले, मला खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "उरलेली उद्या."