कच्चा टाका

टेलरकाकूंनी घशाच्या गोळ्यांची पत्र्याची डबी रिकामी केली आणि उरलेल्या चारही गोळ्या एकदम तोंडात कोंबल्या. तोंड रिकामं असतं तर काकांशी भांडण झालं असतं.

काका मुद्रितशोधक. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हेच त्यांनी जन्मभर केलं. छापखाना बंद पडला आणि काका घरी बसले. त्यानंतर दोनदा मुलाखतीला गेले अन् दोन्ही वेळा दारातून परत आले. एकदा म्हणे कॉलर चुरगळली होती, एकदा बाहीचं बटण लोंबत होतं. निमित्तं हो, दुसरं काय! माणूस घाबरलाय हे काकूंना दिसत होतं. आज तिसरी मुलाखत होती. आताही परत आले तर पुन्हा कुठे जायचं नाव काढणार नाहीत, या धास्तीने काकूंचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून ही डबी. पुठ्ठ्याच्या तुकड्याला खाचा पाडून त्यावर दोरा ओवलेल्या दोन सुया गुंडाळल्या, एक काळ्या दोऱ्याची, एक पांढऱ्या. काकांना चष्मा लावूनही सुईचं नेढं दिसत नसे. मग बटणं, हूक, सेफ्टी पिना, चिमुकली कात्री. झाकण लागेना, तेव्हा काकू त्यावर चक्क बसल्या.

"घ्या, खिशात ठेवा. आता काय फाटायचंय ते फाटू दे!"

बोलाफुलाला गाठ पडली. दुपारच्या आत काकांचा फोन.

"अगं, पॅंट गेली."

"कुठे गेली?"

"मागे उसवली! बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि टर्रकन... बाथरूममध्ये उभा आहे, पॅंट हातात घेऊन. आत्ता बोलावतील. येऊ का घरी?"

काकू ओरडल्या, "खबरदार! डबी उघडा. काळा दोरा घ्या."

"घेतला. जरा गुंतलाय गं."

"गुंतू दे. आधी कच्चा टाका!"

"काय?"

"कच्चा टाका हो, पटकन!"

पलीकडे काहीतरी खडखडलं. "टाकला," काका म्हणाले.

"शाबास! किती लांब?"

"हे काय, बेसिनपाशी."

"बेसिनपाशी?"

"कचऱ्यात टाका म्हणालीस ना? डबा बेसिनपाशीच आहे."

आता काय म्हणावं! कच्चा टाका म्हणजे पक्क्या शिवणीआधी कापड धरून ठेवायला घालतात तो लांब लांब टाका. पुढचं 'घाला' काकू कामाच्या घाईत कधी उच्चारतच नसत. आणि जन्मभर लोकांचे काना-मात्रा तपासणाऱ्या माणसाने काळा दोरा सुईसकट फेकून दिला होता. उरला पांढरा. काळ्या पॅंटला पांढरा दोरा, तोही नेमका बुडावर!

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि घोटाळा समजावून सांगितला. तोच पलीकडून फोनच बंद झाला. परत लावला तर वाजून वाजून थांबला.

झालं, निघाले परत, काकूंना वाटलं. यावेळी तर निमित्त खरं होतं, आणि आपणच आयतं हातात दिलं होतं. त्यांना स्वतःचाच असा राग आला की मशीनवर बसवेना. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही त्यांनी दोनदा मापली आणि दोन्ही वेळा चुकवली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. पलीकडे काका हसत होते. इतके, की त्यांना बोलता येईना.

"अगं, कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला! बिनपॅंटचा! एक पोरगा आत आला, मला बघून हात न धुताच पळाला."

"अगबाई! सुई सापडली का?"

"बोटात घुसली, म्हणजे सापडलीच की! कच्चा टाका घातला, पक्क्याला वेळच नव्हता. तसाच आत जाऊन बसलो. बरं बोललो गं. उद्या कळवतो म्हणालेत."

उद्याचं उद्या. कॉलर चुरगळली म्हणून परत येणारा माणूस आत जाऊन बसला होता.

"अहो, पण घरी यावंसं नाही वाटलं?" काकूंनी घाबरत घाबरत विचारलं.

"वाटणार होतं," काका म्हणाले, "पण सुई शोधायच्या नादात राहूनच गेलं."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. डोळ्यांना पदर लावून हसू लागल्या, आणि किती तरी वेळ त्यांना थांबताच येईना.