तीन वेढे

त्रिशलाने काचेचा जार खिडकीशी धरला आणि त्याच्यामागे वर्तमानपत्राचं पान लावलं. एक अक्षर वाचता येईना. पंचगंगेचं पुराचं पाणी सकाळी होतं तसंच, चहाच्या रंगाचं, जारमध्ये ठाण मांडून बसलं होतं. तिने आणखी चमचाभर भुकटी घातली, कांडीने ढवळलं, तास मोजला. पाणी निवळण्याऐवजी जास्तच गढूळ झालं.

"किती झाली?" मागून सरांनी विचारलं.

"तीन चमचे, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते कधी रागावत नसत, चष्मा पुसत. विद्यार्थ्यांना त्याचीच जास्त धास्ती होती.

"मिस मगदूम, निवळीच्या बीने पाणी निवळतं असं जुन्या ग्रंथांत आहे, मान्य. पण ग्रंथ काही प्रयोगशाळेत येऊन साक्ष देणार नाहीत. शनिवारी समिती येतेय. तोवर एक जार स्वच्छ करून दाखवा. नाहीतर हा विषय बंद करा आणि दुसरा घ्या."

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. या बीपायी त्रिशलाची दोन वर्षं गेली होती. जिथे नळ नाही, तुरटी मिळत नाही, तिथल्या बाईला आपल्या चुलीशेजारी बसून पाणी स्वच्छ करता यावं, गाळाबरोबर रोगाचे जंतूही तळाला जावेत, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. हातकणंगल्याला तिची आई राजमती पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय वापरत नसे. लेक सुट्टीला घरी आली की ती हटकून म्हणे, "तुझ्या त्या जारपेक्षा माझं फडकं बरं की ग!" त्रिशला हसण्यावारी नेई. आता मात्र हसू येईना.

गुरुवारी ती रिकामा जार मांडीवर घेऊन पॅसेंजरने रुकडीला उतरली. दोन वर्षांपूर्वी निवळीच्या बीची गोष्ट तिला पहिल्यांदा कळली ती इथेच, अमीरबीच्या अंगणात. होडी चालवणारा तिचा नवरा लालासाब वारल्यापासून अमीरबी एकटीच राहत होती. साठी उलटली होती, पण आवाज अजून नदीपलीकडे ऐकू जाईल असा.

"भुकटी?" सगळी हकीकत ऐकून अमीरबी म्हणाली. "बी दळलंस व्हय ग? मसाला हाय का त्यो?"

"दळल्याशिवाय मोजणार कसं, चाची?"

"आनि घातलंस किती?"

"एका जारला तीन चमचे."

अमीरबीने कपाळावर हात मारला. "आगं, एवढ्यात माझा आख्खा पावसाळा निघंल! तुला मागंच सांगितलंतं की. घागरीला सहाणंवर तीन वेढं. चवथा न्हाय."

त्रिशलाने पिशवीतून वही काढली. दोन वर्षांपूर्वीचं पान सापडायला वेळ लागला नाही. पानावर तिने स्वतःच्या हाताने रेघ मारून दोन रकाने केले होते, एक 'कृती', दुसरा 'समजुती'. कृतीत लिहिलं होतं: बी उगाळून पाण्यात घालणे. आणि समजुतींत, मंत्रतंत्र आणि अमावास्येच्या रांगेत: 'बिस्मिल्ला म्हणून तीनच वेढे.' तिचे कान तापले. एवढी शिकलेली बाई, आणि औषधाचं मापच तिने बाजूला टाकलं होतं.

अमीरबीने सहाणेवर थेंबभर पाणी घेतलं, पुटपुटली आणि बी फिरवलं. एक, दोन, तीन. नखावर मावेल एवढं पांढरट गंध निघालं. ते तिने घागरीतल्या नदीच्या पाण्यात सोडलं, पळीने नीट ढवळलं, आणि त्रिशलाने लगेच त्यातलंच पाणी जारमध्ये भरून घेतलं. जार उंबऱ्यावर उजेडात ठेवला.

"आता बघत काय बसत्यास? मी भाकरी टाकते. तवर हुतंय."

पण चुलीवर तवा ठेवून अमीरबी लगेच परत आली. जारपुढे उकिडवी बसली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पाण्यात बारीक कण दिसू लागले. आधी तिथे नसलेले. कण एकमेकांना धरू लागले, रव्याएवढे झाले, आणि सगळेच्या सगळे एकदम, मुकाट्याने, खाली उतरू लागले. जारच्या तोंडाशी बोटभर पाणी मोकळं झालं. मग चार बोटं. दोन वर्षं तिने या पाण्याशी नुसती झटापट केली होती, आणि इथे ते कुणी हाक मारल्यासारखं आपण होऊन वेगळं होत होतं. एका झाडाच्या बीत एवढं शहाणपण कुणी भरून ठेवलं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि शास्त्राच्या विद्यार्थिनीला असला प्रश्न पडल्याची तिला लाजही वाटली नाही.

जारपलीकडे अमीरबीच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसू लागला.

"या अल्ला," अमीरबी हळूच म्हणाली. तिचा आवाज एवढा खाली आलेला त्रिशलाने कधी ऐकला नव्हता. "चाळीस वर्सं करत्याय मी ह्ये. पर आत काय हुतंय, कदी बघितलंच न्हवतं. घागरीत दिसतंय कुठं?"

त्रिशलाने वहीत वेळ टिपली.

"चाची, जास्त उगाळलं की पाणी बिघडतं, हे तुम्हाला कसं कळलं? सासूबाईंनी सांगितलं?"

"न्हाय. तिनं तीन सांगितलं, मी तीन करत आले. जास्तीचं माझं मीच केलंतं." अमीरबीची नजर जारवरून हलली नाही. "माझी पोरगी बेगम, तीन वर्साची हुती. गावात पटकी आलती. म्हटलं, तीन वेढ्यानं एवढं हुतंय तर धा वेढ्यानं किती हुईल. भ्याले हुते की ग. उगाळ उगाळ उगाळलं. पाणी काय निवळंना. आनि तिला तान धरवंना. तसंच पाजलं. ती गेली, त्यापास्नं चवथा वेढा न्हाय."

चुलीवरचा तवा तापून धुरकटला होता. कुणी उठलं नाही.

"कधीची गोष्ट?" त्रिशलाने विचारलं.

"सवातंत्र्य मिळालं न्हवं? त्याच्या आदल्या पावसाळ्यात."

अमीरबीने जार तिच्याकडे सरकवला. "बघ, वाच तुझा कागुद. आता दिसंल."

शनिवारी टेबलावर दोन जार शेजारी शेजारी होते. एकात चमचाभर भुकटी, तो गढूळ. दुसऱ्यात उगाळलेलं बी, काट्यावर आधी आणि नंतर तोलून मोजलेलं, चिमटीतही न येणारं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ वाकून दुसऱ्या जारमागच्या वर्तमानपत्रातली जाहिरात मोठ्याने वाचू लागले आणि मध्येच थांबून जारकडेच पाहू लागले. सरांनी चष्मा पुसला नाही. नाकावर नीट बसवला आणि जवळ आले.

"मात्रा वाढली की परिणाम उलटा होतो. हे फार महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "याआधी कुणाच्या लक्षात आलंय?"

"हो, सर."

"मग संदर्भ द्यायला हवा." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "नाव?"

"अमीरबी लालासाब जमादार. रुकडी."

पेन क्षणभर थांबलं. मग सरांनी ते नाव पूर्ण लिहिलं.

"साल?"

"एकोणीसशे शेहेचाळीस."

"प्रयोग किती वेळा केला होता?"

त्रिशलाने जारकडे पाहिलं. तळाशी गाळ होता, वर पाणी नितळ होतं.

"एकदाच, सर," ती म्हणाली.