आत्याचा आडवा दगड

या, असे जवळ सरकून बसा. एका दगडाची गोष्ट सांगतो.

दगडावर नावं कोरणारी एक बाई होती. ही कला तिला आत्याने शिकवली. आत्या गेली, आणि मागे तिने स्वतःच्या नावासाठी निवडून ठेवलेला एकच दगड राहिला, तांबूस, फळीसारखा लांबट. तो बिघडला असता तर आत्याच्या पसंतीचा दुसरा कुठून आणायचा?

म्हणून छिन्नी लावण्याआधी भाचीने त्याची चौकशी आरंभली. कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. फसफसला नाही, म्हणजे शिंपल्यांच्या चुऱ्यातून होतो तो चुनखडक नव्हे. ओला अंगठा घासला. चिखलाचा खडक गुळगुळीत लागतो, हा खरखरला. पोटात गोटेही अडकलेले नव्हते. म्हणजे वाळूचा खडक! कुठल्याशा पाण्याने वाळू आणून टाकली, थरावर थर बसले, वरच्या ओझ्याने खालचे दबले, आणि झिरपत्या पाण्यातल्या क्षारांनी कण न् कण सांधला. देवाला घाई म्हणून कसली ती नाहीच, तिच्या मनात आलं.

रुंद बाजूवर तिने खडूने आत्याचं पूर्ण नाव आखलंही होतं. तिच्या दादाने दगड उभा करायला वाटेच्या कडेला खड्डा खणला होता. दगड तिकडे न्यायला निघण्यापूर्वी तिने तो धुतला, आणि वाळताना कडेवर थरांच्या ओलसर रेघा दिसल्या, लांबीभर धावणाऱ्या. तिचा हात थांबला. दगड उभा केला की थरही उभे राहणार, पाणी त्यांत शिरणार.

आडवाच ठेवायचा, असं तिने सांगितलं तेव्हा दादा हसला. "आत्या जन्मात कधी दुपारची आडवी झाली नाही, आणि तू तिला कायमची झोपवतेस होय गं?"

"उभी ठेवली तर पापुद्रे सुटतील, दादा. सगळ्यात आधी नावच गळून पडेल."

दोघांनी मिळून दगड पालथा केला. खालच्या अंगावर बारीक लाटा होत्या, उथळ पाण्याने वाळूवर उमटवाव्यात तशा, माथे अजून टोकदार. दादाचं हसू विरलं. त्याने बोटं फिरवून विचारलं, म्हणजे वरची बाजू हीच का? हीच, लाटांचे टोकदार माथे वरच असतात, ती म्हणाली. मग दादाने खड्डा बुजवला.

लाटा तिने तासल्या नाहीत, म्हणून नाव कडेवरच कोरायचं ठरलं. वाटेकडे आली आखूड कड. तिथे पूर्ण नाव मावेना. "आत्या" एवढंच मावलं, तेवढंच तिने कोरलं.

कधी त्या वाटेने गेलात, तर घटकाभर त्या लाटांवर हात ठेवा, आणि आमच्या आत्याची आठवण काढा.